फ्लेक्स-मीमांसा: थर, क्रम आणि कातरकाम यांविषयी एक लघुप्रबंध

१. अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे दंडक आहे. त्यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. प्रस्तुत प्रबंधाचा विषय फ्लेक्स. त्यातही, आयुष्यात कधी शेजारी उभी न राहिलेली माणसे फ्लेक्सवर शेजारी कशी येतात, हा. अधिकारी म्हणजे ज्याचा फोटो कधी ना कधी कुणी कापला आहे असा कोणीही, म्हणजे आपण सगळेच. संबंध दहा बाय आठ फुटांचा. प्रयोजन खासगी आहे; ते शेवटी येईल.

संशोधनक्षेत्र म्हणून मी वरकुटे निवडले, कारण मी तिथे राहतो आणि प्रवासखर्च लागत नाही. शिवाय विषयाला याहून योग्य गाव मिळणे कठीण. इंदापूर तालुक्यात वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुक अशी दोन गावे आहेत. फारसीत खुर्द म्हणजे धाकटे, बुजुर्ग म्हणजे थोरले; बुजुर्गाचे आपण बुद्रुक केले. फोटोशॉपमध्ये एखाद्या थराची प्रत काढली की तिला आपसूक ‘लेयर १ कॉपी’ असे नाव पडते. ही सोय आपल्या जुन्या दफ्तरदारांना संगणकाच्या कितीतरी आधी सुचली होती, एवढेच येथे नोंदवतो. पलीकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात वरकुटे-मलवडी आणि वरकुटे-म्हसवड आहेत, त्या आणखी दोन प्रती. यांतले मूळ कोणते आणि कॉपी कोणती, हा प्रश्न मी हाती घेत नाही. मला गावात राहायचे आहे.

२. थराचे लक्षण

फ्लेक्सवरचे चित्र एकसंध नसते, ते थरांचे असते. तळाला आभाळ, त्यावर सूर्याची किरणे, किरणांवर सिंह, सिंहापुढे उत्सवमूर्ती, उत्सवमूर्तीवर अक्षरे. प्रत्येक थर काचेच्या तावासारखा: जिथे चित्र आहे तिथे खालचे झाकतो, जिथे नाही तिथे खालचे दाखवतो.

आमच्या थोरल्या वहिनींनी संगणकाला कधी हात लावला नव्हता. त्यांना मी हे वाकळीच्या दृष्टान्ताने सांगितले. वाकळीत वर बरे लुगडे, मध्ये जुनी धोतरे, खाली जाड अस्तर. दोरा घालीपर्यंत यांतले कोणतेही वस्त्र ओढून काढता येते, खालचे वर घेता येते. एकदा टाके पडले की पडले. तर दोरा न घातलेल्या वाकळीला पीएसडी म्हणतात आणि टाके पडलेल्या वाकळीला जेपीजी. वहिनींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग भाऊजी, दोरा घालायच्या आधीच बघून घ्यावं की, कोण कुणाच्या खाली दबतंय ते.” या शास्त्रावर इतके नेमके सूत्र मला दुसरीकडे आढळले नाही. पुढचा सारा प्रबंध त्यावरचे भाष्य समजावा.

दोन उपलक्षणे. पहिले: जिथे कोणत्याच थरात काही नाही तिथे पडद्यावर पांढऱ्या-करड्या चौकटी दिसतात. म्हणजे ‘येथे काही नाही’ हे दाखवण्यासाठीही काहीतरी दाखवावे लागते. शून्यवाद्यांनी याचा विचार करावा. दुसरे: सर्वांत खालच्या थराला बॅकग्राउंड म्हणतात आणि त्याला जन्मतःच कुलूप असते. वरचे सगळे थर हलतात, तळाचा हलत नाही. समाजशास्त्रात ही गोष्ट सिद्ध करायला जाडजूड ग्रंथ लागतात. फोटोशॉपने कुलपाचे एवढेसे चित्र काढून ती कबूल केली आहे.

३. पूर्वसूरी

फोटो जोडण्याचा उद्योग काल-परवाचा नाही. १८५७ साली, इकडे उठाव झाला त्याच वर्षी, इंग्लंडात ऑस्कर रेयलँडर नावाच्या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र छापून एक मोठे चित्र तयार केले. मध्ये वडीलधारा पुरुष, त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण. एक सन्मार्गाकडे निघालेला, दुसरा जुगार आणि मद्य यांकडे. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. वडीलधारा मध्ये आणि तरुण बाजूंना, ही मांडणी आमच्या फाट्यावर आजही चालते. तरुण कुठे निघाले आहेत, एवढेच फ्लेक्सवर कळत नाही.

पण पुणे जिल्ह्याने इंग्लंडाकडे पाहण्याचे कारण नाही. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे आणि एकावर एक ठसे बसून लक्ष्मी, सरस्वती प्रकट होत. दगड केसभर सरकला तर सरस्वतीचे ओठ गालावर जात. थरांचे शास्त्र ते हेच, फक्त थर उचलायला हमाल लागत. या छापखान्यासाठी काम केलेल्यांत एक धुंडिराज गोविंद फाळके होते. त्यांनी छायाचित्रण केले, ठोकळे केले, आपल्या नावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. छापखाना, कॅमेरा आणि हातचलाखी या तिन्ही विद्या ज्याच्या अंगी एकवटल्या असा तो आमच्या फ्लेक्सच्या दुकानांतल्या ऑपरेटरांचा मूळपुरुष होय. दुकानात त्यांचा फोटो लावलेला मी अजून पाहिला नाही. लावलाच, तर आधी तो कापतील.

अर्वाचीन शाखा अमेरिकेतली. १९८७ साली मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करणाऱ्या थॉमस नोल याने प्रबंध सोडून चित्रांचा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचा भाऊ जॉन हॉलिवूडसाठी चित्रपटांतल्या करामती करी. त्याने त्यात लक्ष घातले. १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉप बाजारात आले. प्रबंध टाळण्यासाठी केलेले काम प्रबंधापेक्षा मोठे ठरले, हे प्रस्तुत लेखकास फार आश्वासक वाटते. मात्र त्या पहिल्या फोटोशॉपमध्ये थर नव्हते. चिकटवले ते चिकटले. थर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत.

लोकांना प्रोग्रॅम दाखवण्यासाठी जॉनने जो फोटो वापरला, तो त्याच्या होणाऱ्या बायकोचा होता: बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर ती पाठमोरी बसलेली. म्हणजे या विद्येचे आद्य चित्र पाठमोरे आहे. आमच्याकडे शुभेच्छुकाने पाठमोरा फोटो दिला, तर ऑपरेटर ॲडव्हान्स परत करतो.

४. क्रमाधिकरण

मीमांसकांच्या अधिकरणाला पाच अंगे असतात. तीच येथे पाळतो.

विषय: वाढदिवसाचा फ्लेक्स. संशय: कोण कुठे आणि केवढा? पूर्वपक्ष: लोकशाही आहे, सगळ्यांचे फोटो सारखे टाकावेत. हा पक्ष गावात एकदा तरुण मंडळाने मांडला होता. सारखे फोटो टाकल्यावर प्रत्येकाला स्वतःचा लहान दिसला. उत्तरपक्ष असा की, याची व्यवस्था आपल्या देवघरात आधीच लागलेली आहे. पंचायतन पूजेत देव पाचच: शिव, विष्णू, देवी, गणपती, सूर्य. ज्याची उपासना, तो मध्ये. उरलेले चार कोपऱ्यांत. उपास्य बदलले की मधला कोपऱ्यात जातो आणि कोपऱ्यातला मध्ये येतो. मूर्ती त्याच, ताम्हन तेच. फ्लेक्सही तसाच. आज ज्याचा वाढदिवस तो मध्ये, कानाला मोबाइल लावून चालत येणारा. पुढच्या महिन्यात त्याच फाइलमध्ये तोच गडी खालच्या ओळीत गोल चौकटीत बसतो आणि दुसरा कुणी चालत येतो. सर्वांत वर महापुरुषांची पट्टी. ती हलत नाही, कारण तिच्यातले कुणी तक्रार करीत नाहीत आणि त्यांच्या वतीने तक्रार करणारे फार आहेत.

या प्रश्नाची गणिती बाजू १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी ल्युकासफिल्ममध्ये काम करताना मांडली. दोन चित्रे एकत्र आणण्याचे त्यांनी बारा प्रकार सांगितले. त्यांतला रोजच्या वापरातला ‘ओव्हर’: एक दुसऱ्यावर. सूत्र साधे आहे. वरचा पूर्ण दिसतो. वरच्याने जेवढे झाकले तेवढे वजा करून खालच्याचे जे उरेल ते दिसते. या क्रियेला शाळेत शिकवलेला क्रमनिरपेक्षतेचा गुणधर्म लागू होत नाही: भाऊंवर अण्णा आणि अण्णांवर भाऊ, ही उत्तरे वेगळी. पण साहचर्याचा गुणधर्म लागू होतो: क्रम तोच ठेवला, तर तिघांपैकी आधी कोणते दोघे जोडले याने काही बिघडत नाही. म्हणजे कुणी कुणाशी आघाडी आधी केली हे गौण. वर कोण बसला हे मुख्य. हे दोघा संशोधकांनी प्रकाशाचे गणित करता करता शोधले, आणि त्यांना आमची ग्रामपंचायत माहीतही नव्हती.

निर्णय: कुणाचाही खांदा कुणाच्याही चेहऱ्यावर येता कामा नये. चेहऱ्यावर खांदा आला की ते थर राहत नाहीत, गट होतात.

थर कोणत्या रीतीने मिसळावा हेही येथेच सांगितले पाहिजे. ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणाकार. यात पांढरे ते नाहीसे होते आणि काळे ते टिकते. एका रात्री घाईत एका थराला हा गुण चुकून लागला. त्या थरात पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला एक कार्यसम्राट होता. सकाळी फाट्यावर पाहतो तो चेहरा जागच्या जागी, मिशा जागच्या जागी, आणि सदऱ्याच्या ठिकाणी ढग. गावातल्या वारकऱ्यांनी त्याचा अर्थ चांगला लावला. विरोधकांनी खरा लावला.

५. कर्तनाधिकरण

जोडण्याआधी तोडावे लागते. ऑपरेटरच्या भाषेत हे ‘कटिंग’. पेन टूल घेऊन माणसाच्या कडेने टिंबे देत जायचे: कान, मान, खांदा, कोपर. ऑपरेटर तालुक्याच्या गावी बसतो, आणि दहा वर्षे कटिंग केल्यावर तो लोकांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, कडेवरून ओळखतो. बाजारात एकदा मला पाठीमागून हाक आली, “गुरुजी!” वळून विचारले, “मागून कसं ओळखलंस?” म्हणाला, “कानांवरनं. लई टिंबं लागत्यात तुमच्या कानाला.”

मान शाबूत मिळाली की धडाची चिंता नसते. धडे तयार असतात. जाकिटातले, कोटातले, फेट्यातले, नमस्कार करणारे, बाही सारणारे. पासपोर्ट फोटोसाठी कोट-टाय चढवणाऱ्या स्टुडिओंनी ही प्रथा आधीच रुळवली होती. लग्नाच्या अल्बमवाल्यांनी ती पुढे नेली. बारा बाय छत्तीस इंची पान, त्यात नवरी गुलाबात, नवरदेव चंद्रात, आणि आयुष्यात उजनीचे पाणी सोडून दुसरे पाणी न पाहिलेले जोडपे बर्फाच्या डोंगरापुढे. फाट्यावर एकदा तीन भावी सरपंच एकाच धडावर आलेले मी मोजले आहेत. पद एक आणि उमेदवार तीन असताना धड तरी एकच असावे, यात काटकसर आहे.

कर्तनानंतर जे उरते त्याला शेष म्हणावे. शेष तीन प्रकारचा. केशशेष: केसांची कड सुटत नाही, म्हणून ऑपरेटर ती गोल करतो आणि माणूस टोपी घातल्यासारखा दिसतो. वर्णशेष: जुन्या पार्श्वभूमीची निळी-हिरवी रेघ कडेला चिकटून राहते, माणूस नव्या पक्षात आला तरी जुन्याची झाक जात नाही. तिसरा करशेष. फोटो बहुधा समूहातून कापलेला असतो, आणि समूहात कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवलेला असतो. माणूस कापला की तो हात खांद्यावर राहतो, बिनमालकाचा. शास्त्रात करशेष हा सर्वांत मोठा दोष मानला आहे. तो पुसून तिथे शेजारचे कापड ओढून आणावे.

६. प्रमाणाधिकरण

दहा बाय आठचा फ्लेक्स इंचाला ७२ ठिपके या हिशेबाने केला, तर आडवे ८,६४० आणि उभे ६,९१२ ठिपके होतात. गुणाकार पाच कोटी सत्त्याण्णव लाखांच्या घरात. इतक्या ठिपक्यांत बसण्यासाठी लोक व्हॉट्सॲपच्या डीपीतला चेहरा पाठवतात. तो २१६ ठिपके रुंद असला आणि फ्लेक्सवर दोन फूट करायचा असला, तर आडवा आठपट आणि उभा आठपट ताणावा लागतो. म्हणजे एका ठिपक्याचे चौसष्ट. चौसष्ट कला आपल्याला ठाऊक होत्या. चौसष्ट चौकटींचे नाक प्रथमच पाहण्यात आले.

ताणताना शिफ्टचे बटण दाबून धरावे, म्हणजे उंची-रुंदीचे प्रमाण टिकते, असा बराच काळ नियम होता. पुढे नव्या आवृत्तीत तो उलटला: न दाबता प्रमाण टिकू लागले आणि दाबले की बिघडू लागले. जुन्या हातांना हे कळेपर्यंत तालुक्यातले काही शुभेच्छुक आडवे वाढले. त्यांतल्या एकाने घरी आरशापुढे उभे राहून जेवण कमी केले, अशी वदंता आहे.

७. दृश्यादृश्यविचार

प्रत्येक थराच्या शेजारी डोळ्याचे एक चित्र असते. डोळा मिटवला की थर दिसेनासा होतो, पण जात नाही. उघडला की जागच्या जागी. फाटाफूट झाली, माणसे इकडची तिकडे गेली, की नवखा ऑपरेटर थर उडवतो. जाणता नुसता डोळा मिटवतो. “परत येत्यात गुरुजी,” तो म्हणतो, “मग पुन्यांदा कटिंग कोण करणार?”

ही विद्या आमच्या तालुक्याला नवी नाही. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ त्यातच आहे. पाऊस चांगला झाला की वर नुसते पाणी, भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी, त्यांचे फोटो काढायला आलेले पुणेकर. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधी शिखर, मग खांब, मग देवळाचे आवार. लोक चालत दर्शनाला जातात. इतकी वर्षे पाण्याचा थर वर आहे. देऊळ खाली आहे. कुणी डिलीट केलेले नाही. म्हातारी माणसे तर पाणी तुडुंब असतानाही काठावरून बोट दाखवतात: इथे पार, इथे आमचे पेव, इथे शाळा. त्यांचा डोळा मिटत नाही.

८. फ्लेक्सचा उत्तरकाळ

वाढदिवस सरतो, आयलेटातल्या दोऱ्या सुटतात, फ्लेक्स उतरतो. पण मरत नाही. तो गोठ्याच्या पत्र्याखाली जातो, खळ्यावर ज्वारीखाली जातो, कांद्याच्या ऐरणीवर जातो. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोड कामगारांच्या कोपीवर चढतो. आभाळाकडे तोंड करून आधारस्तंभ हसत असतो आणि त्याच्याखाली, त्याला कधी मत न दिलेल्या घरातली चूल पेटते. त्याच्या हातून झालेले हे पहिलेच विनाजाहिरात काम. फ्लेक्सचा ढग खोटा असला, तरी अवकाळीत खऱ्या ढगाला तो अडवतो.

९. प्रयोजन

आता राहिलेले सांगतो. थोरल्या वहिनी गेल्या. दशक्रियेच्या आधी फाट्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागली पाहिजे, असे पोरांचे म्हणणे. फोटो शोधू लागलो, तर सबंध आयुष्यात एकच बरा निघाला: कुणाच्या तरी लग्नातला, बायकांच्या घोळक्यातला. तो घेऊन मी दुकानात बसलो. ऑपरेटरने टिंबे देत देत वहिनींना घोळक्यातून बाहेर काढले. पांढऱ्या-करड्या चौकटींवर त्या एकट्या आल्या, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटे आली. हिरव्या बांगड्यांचा हात. मनगटाच्या पुढे काही नाही.

ऑपरेटरने फोटो मोठा केला. “हात कुणाचा, गुरुजी?”

मी घरी फोन लावला. एकीने सांगितले तो त्यांच्या नणंदेचा. दुसरी म्हणाली, छे, ती तर त्या लग्नाला नव्हती, तो शेजारच्या मावशींचा. दोघींचे पटेना. ज्या दोघींना ठाऊक असेल त्यांतली एक गेली होती आणि दुसरी कोण हेच कळत नव्हते.

“उडवू का?” तो म्हणाला.

शास्त्र स्पष्ट होते आणि ते मीच रचलेले होते. पोरांनाही फोटो सुबक हवा होता. मी मान हलवली. पण तो जाणता ऑपरेटर. त्याने हात वेगळ्या थरावर घेतला, त्याला नाव दिले ‘हात’, आणि डोळा मिटवला. खांद्यावर लुगड्याचा काठ ओढून आणला. फ्लेक्स सुरेख झाला. तेरा दिवस लागला आणि उतरला. आता तो वैरणीवर आहे.

पैसे देताना मी जेपीजी न मागता पीएसडी मागितली. ती पेनड्राइव्हमध्ये आहे, आणि पेनड्राइव्ह वहिनींनी शिवायला घेतलेल्या शेवटच्या वाकळीच्या घडीत. वाकळीचे थर लागले आहेत, दोरा अजून घातलेला नाही. ती फाइल उघडेल असा संगणक आमच्या घरात नाही. पण फाइल आहे, आणि तिच्यात खांदाही आहे आणि हातही.

इति वरकुटे ग्रामीं फ्लेक्स-मीमांसा समाप्त.